उलटी ठेवलेली सायकल

मर्सीबाई शिरसाठ शरणपूरहून रिक्षात घालून घेऊन आल्या,
पुढचं चाक बाहेर, जेल रोडभर लटकत.
म्हणाल्या, तुम्ही नंबर वाचता असं कळलं.
पपांची आहे. कुठली, कधीची, एवढं सांगा.

मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये नंबरच वाचले,
ओल्या शाईचे, कोरे,
ज्यांना अजून कोणाचा हात लागलेला नाही असे.
आता दुसऱ्या टोकाचे वाचतो.

हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं,
वरची कापडी पट्टी घामाने कातडं झालेली.
पुढच्या नळीवर बिल्ला नाही, नुसती दोन भोकं, एकाखाली एक.
आडवी असती तर निम्म्या कंपन्या बाद झाल्या असत्या.
उभी आहेत, म्हणून दुसऱ्या निम्म्या बाद.

चाकांना मी आधी विचारत नाही.
चाकं बदलतात, सीट बदलते,
चेन तर दर दोन पावसाळ्यांनी.
मागच्या हबवर कोरलंय एकसष्ट, शेजारी चार,
म्हणजे हब एप्रिलमधला. सायकलचं काय?
कवळीवरून कोणी माणसाचं वय काढतं का?

म्हणून उलटी केली अंगणात, गोणपाटावर.
पायडलच्या दोन दांड्यांमधलं ते जाड नळकांडं,
तिथे वर्षानुवर्षांचं ग्रीस, गावाची धूळ, एक मेलेली गांधीलमाशी.
रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश,
मग खडूची पूड चोळली
आणि आकडे वर आले, पाचच,
हाताने ठोकलेले, चौथा जरा कलंडलेला.
तीनवर आठ मारलाय, की आठवर तीन?
प्रेसमध्ये असा कागद हाती आला असता
तर मी लाल शेरा मारला असता
आणि संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा.

गिअरची तार धरणाऱ्या कड्या फ्रेमला डाग देऊन जोडलेल्या नाहीत,
पट्टीने आवळल्यात. म्हणजे जुनी.
एक पट्टी सोडवली. तिच्याखाली ऊन न पोचलेला रंग:
काळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली कांद्याच्या सालीचा.
सांधे कोणीतरी फुरसतीत कानशीने घासलेले,
टोकाला पिंपळपान.
तीन धरला तर त्रेपन्नच्या आगेमागे.
आठ धरला तरी साठ ओलांडत नाही.

"पण पपा म्हणायचे, तू झालीस त्या वर्षी नवीकोरी घेतली."

कधी झालात?

"सहासष्ट."

मी बराच वेळ भिंग पुसत बसलो.

सीटच्या नळीला मागून, तारेने बांधलेली,
चिखलाची एक चकती होती. ती मी आधी चिखलच समजलो.
चिंच लावली. पितळ निघालं.
नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला, १९६६-६७.
तो त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्या साली कर भरलाय, म्हणालो, एवढं नक्की.
नवी नव्हती. निदान दुसऱ्या रंगातली होती.
देवळालीच्या तोफखान्यातल्या कोणा अधिकाऱ्याने
बदलीच्या गडबडीत विकली असेल,
असेल म्हणतो, पुरावा नाही.

मर्सीबाई आधी काही बोलल्या नाहीत, मग खुदकन हसल्या.
"पपा सेकंडहँडला नवीच म्हणायचे हो.
माझा पहिला फ्रॉकपण नवाच होता,
मिशनच्या गाठोड्यातला."

वहीत लिहिलं: बनावट, माहीत नाही.
नंबर पाच आकडी, चौथा संशयास्पद.
वर्ष,
आणि पेन्सिल तिथेच राहिली.
मग मागे जाऊन 'संशयास्पद' खोडलं.

फाटकाबाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.
उठताना माझाच गुडघा लागला बहुतेक,
मागचं चाक आकाशाकडे तोंड करून फिरायला लागलं,
टिक टिक टिक, एप्रिल एकसष्टचं,
आणि आम्ही दोघं उभे राहिलो
ते थांबेपर्यंत.